मूवत्तु

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत
टाइम-ऑफिसच्या दारावर यादी लागली,
कन्नडात आणि इंग्रजीत.
मी भरमाण्णाला म्हटलं, वाच की.
सिक्युरिटीचे दोघे, क्रेनवाला, इलेक्ट्रिशियन,
प्रत्येक पाळीचा सुपरवायझर.
ह्यांना छाती दाबायला शिकणं सक्तीचं.
बाकीच्यांनी आपापलं काम करायचं.

बाकीची म्हणजे मी. झाडू, आणि रात्रपाळीचा चहा.

शनिवारी अंगडी मॅडम आल्या, गोकाकच्या नर्स.
पोत्यावर रबराचं धड मांडलं.
हात नाहीत, पाय नाहीत, तोंड मात्र उघडं,
काहीतरी सांगता सांगता राहिल्यासारखं.
भरमाण्णा दीड टनाचा साचा
लोण्यागत अलगद खाली उतरवतो,
तो त्या धडाला शिवायलाच लाजला.
"दाबा हो, दोन इंच जाऊ द्या खाली.
मोडली बरगडी तर जुळते."
बरोबर दाबलं की धड आतनं टक्क म्हणायचं.
आणि मॅडम मोजायच्या,
ओंदु, एरडु, मूरु.

मी कपबश्या गोळा करत होते.
म्हटलं, मी करून बघू काय?
सुपरवायझर हसला,
मावशी, तुमचं नाव नाही की यादीत.

मॅडमनी त्यालाच विचारलं,
रात्री अडीचला ह्या शेडमध्ये कोण कोण असतं?
सिक्युरिटी गेटवर. गेट इथनं दोनशे पावलं.
सुपरवायझर केबिनमध्ये, पंखा लावून.
तो सगळं सांगत गेला आणि मग थांबला.
अडीचला भट्टीपाशी चहा मीच नेते.

आमचे हे गेले ते खानापूरच्या स्टँडवर.
भोवती चाळीस माणसं होती.
यादीतलं कुणीच नसेल.

पदर खोचला. गुडघे टेकले. कोपर ताठ.
वीसपर्यंत मराठीत मोजलं,
पुढं श्वास पुरेना, मॅडमचा आवाज धरला,
इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु...
टक्क, टक्क.
मूवत्तुला थांबले तेव्हा
कपाळावरचं कुंकू घामानं
असतं तर उतरलं असतं.

कार्ड दोन महिन्यांनी आलं.
कलावतीचं कल्लव्वा झालंय त्यात.
असू दे. दोन वर्षांनी परत शिकायचंच आहे,
तेव्हा सांगीन.

आता मच्छेच्या बसमध्ये कुणाचा डोळा लागला
की माझी नजर त्याच्या छातीवर.
वर. खाली. वर.
काल त्या नादात
माझा स्टॉप गेला.