वाचले. सही.

दर शनिवारी साडेअकराला, मुलं सुटली की
फणसेबाई चष्मा कपाळावर ढकलतात
आणि म्हणतात, "घे गं, लिही."
माझं अक्षर बरं आहे, एवढाच माझा गुन्हा.
बावीस वर्षं या शाळेचा आठवडा
माझ्याच हातून कागदावर उतरतो आहे,
रावपुऱ्यातून आणलेल्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत.

एक. सोमवारी दातांचे डॉक्टर येतील.
लहान वर्ग आधी न्यावेत.
चौथीतल्या दुर्गेशला सर्वांत शेवटी,
मागच्या खेपेला तो डॉक्टरांना चावला होता.

दोन. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी आहेच.
तिसऱ्या दिवशी कुणाचं पोट दुखू नये.

तीन. जप्त केलेला मांजा ऑफिसात जमा करावा,
घरी नेऊ नये.
इथे बाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही.
दिवाणजी सरांचा मुलगा आठ वर्षांचा आहे,
एवढंच मला माहीत.

चार. सुर्वे सरांना मुलगी झाली. अभिनंदन.
पेढे शनाभाईंकडे ठेवले आहेत. प्रत्येकी एक.
("प्रत्येकी एक" खाली रेघ मार, म्हणाल्या.)

पाच.
पाच म्हणाल्या आणि थांबल्या.
बाहेर शनाभाई घंटेच्या कडीला तेल घालत होते,
गच्चीवरून कुणीतरी "काप्यो छे!" ओरडलं,
पिंपळात एक पिवळा पतंग अडकला
आणि फडफडत राहिला.
पाच, बाई पुन्हा म्हणाल्या.
येत्या जूनपासून पहिलीचा मराठी वर्ग भरणार नाही.
बालवाडीतून वर येणारी मुलं तीन.
तिघांना गुजराती वर्गात बसवण्यात येईल.

मी विचारलं, "'बसवण्यात येईल' लिहू, की 'बसतील'?"
"तुला बरं वाटेल ते लिही."
बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.
मी लिहिलं: बसतील.
निदान आपल्या पायांनी जाऊन बसोत.

मग वही निघाली, शनाभाईंच्या काखेत,
वर्गावर्गांतून, वह्या तपासणाऱ्या माणसांकडे.
पूर्वी नऊ सह्या व्हायच्या, आता सहा होतात.
मी अजून 'तिसरी अ' लिहिते,
'ब' जाऊन सात वर्षं झाली तरी.
सुर्वे सर: वाचले. सही.
दिवाणजी सर: वाचले, आणि सहीच्या शेपटीला एक जोरकस फराटा,
मांजाचा राग असावा.

खानविलकरबाईंकडे वही राहिली अर्धा तास.
एकतीस वर्षं त्या पहिलीला आहेत.
अर्धं दांडिया बाजार त्यांच्याकडे 'क' गिरवून गेलं,
त्यातले तिघे आता आजोबा होण्याच्या बेतात.
मला वाटलं, आता निषेध येणार,
मोठा, परिच्छेद पाडून.

वही आली. पाचव्या सूचनेखाली
पहिलीच्या मुलांसाठी काढावं तसं टपोरं अक्षर:
"रणजित माने यास डाव्या कानाने कमी ऐकू येते.
डावीकडे, खिडकीशी बसवावे,
म्हणजे उजवा कान वर्गाकडे राहील.
गायत्री भूक लागली की रडते, सांगत नाही.
तिसऱ्याचे काही नाही. तो कुठेही रमेल."
'वाचले' नाही. सहीसुद्धा नाही.

आणि त्याच्याही खाली, पानाच्या तळाशी,
शनाभाईंची गुजराती ओळ,
डोक्यावर रेघ न घेतलेली, मोकळी अक्षरं,
आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या अक्षरांखाली
अंगणात खेळायला सोडल्यासारखी:
पेढे दोन उरले.

एक माझा. मी घ्यायला विसरले होते.
"दुसरा?"
"खानविलकरबेननो," शनाभाई म्हणाले,
"ना पाडी. डायाबिटीस छे, एम कहे छे."

मी मान डोलावली.
मागच्या वेळी, फणसेबाईंच्या नातवाच्या बारशाचे,
त्यांनी तीन खाल्ले होते.