छाट

पडद्यावर पहिला माणूस मेला तेव्हा
मी शेंगा फोडत होते.
टरफलाचा आवाज आणि मानेचा
एकदमच आला.

राजमोगली मामा शिट्ट्या मारत होता.
सगळ्यांचे ओठ तेलुगूत हलत होते,
शिव्या हिंदीत पडत होत्या.
मी मोजत बसले. सवयच ती,
आईच्या विड्या मीच मोजते, पंचविसाचा कट्टा.
मध्यंतरापर्यंत एक कट्टा भरला,
वर सहा सुटे.

त्या सुट्यांतला एक, चौकड्याच्या शर्टातला.
नाव नाही, संवाद नाही.
जिन्यावरून गडगडत खाली आला,
चप्पल वरच्या पायरीवरच राहिली.
पुढचा अर्धा तास मला
ती चप्पलच दिसत होती.

शेवटी मोठ्या शत्रूला त्यानं उसाच्या चरकात घातलं.
अख्खं टॉकीज उभं राहिलं.
मीपण ओरडले, खोटं कशाला सांगू,
घसा बसेपर्यंत.
बाहेर आलो तर अजून ऊनच होतं,
अशोक चौकात रिक्षावाले भांडत होते, नुसतेच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात
चेकरनं आईच्या विड्या सुपात ओतल्या.
‘छाट,’ म्हणाला,
आणि मूठभर मोडून टाकल्या, रोजच्यासारख्या.
आई त्याच्या बोटांकडे बघत होती.
मी मानेकडे.

घामोळं आलं होतं तिथं.
घरच्या कुणीतरी पावडर लावून दिलेली,
लहान बोटांचे चार पांढरे पट्टे
कॉलरच्या आत गेलेले.

मी खाली बघून उरलेल्या मोजल्या.
छत्तीस कट्टे, वर अकरा.
कानात ते ढोल वाजतच होते
आणि मूठ काही केल्या
सुटेना.