खांदा : साडेतेरा

माझ्या मापाच्या वहीत खोटं लिहिता येत नाही.
उंची, छाती, खांदा, बाही, गळा.
निपाणीच्या अर्ध्या शाळेची पोरं
या वहीत वर्षावर्षानं वाढत गेली.
कापड मी नेहमी दोन बोटं जादा धरते.
पोरं वाढतात. वीस वर्षांत
एवढा एक हिशेब कधी चुकला नाही.

लगमव्वाचा परशराम जूनमध्ये आला.
सातवी. खांदा चौदा.
टेप लावताना शीळ घालत होता.
हलू नको म्हटलं, तर म्हणाला,
शीळ कुठं हलतीया, अक्का?

दिवाळीनंतर परत आला. खिसा फाटलेला.
मग बाही. मग पुन्हा तोच खिसा,
माझ्या टाक्यांसकट उपसलेला.
दारात अडकला, म्हणाला.
खिळ्यानं फाटलेलं कापड एका रेषेत जातं,
मुठीनं फाटलेलं चहूकडं.
मला कळतं.
विचारलं नाही. दोरा ओवत राहिले.

आणि शर्ट ओला. दर खेपेला ओला.

त्याची आई वखारीत तंबाखू चाळते.
संध्याकाळी तिच्याआधी वास घरात शिरतो,
चादरीत, दप्तरात, भाकरीच्या फडक्यात.
या गावात कुणाला येतो तो वास?
आमच्या सगळ्यांच्या फिया त्यावरच भरल्या गेल्या.

लगमव्वा काउंटरला टेकून सांगत होती:
रात्री बाराला उठून शर्ट धुतोय, अक्का,
पिळून तसाच घालतोय सकाळी.
सोमवार आला की पोट दुखतंय.
डॉक्टर म्हणतात, काही नाही.
जवळ घेतलं तर 'बेडा' म्हणतोय.
आमच्यात कानडी फक्त भांडताना निघते.
माझ्या हाताला वास येतोय म्हणे.
आणि तिनं हात पदराखाली घेतले,
माझ्यासमोरसुद्धा.

जानेवारीत गॅदरिंगच्या ड्रेसचं माप.
उंची दीड इंचानं वाढलेली.
छाती तेवढीच.
खांदा साडेतेरा.

टेप पुन्हा लावला. साडेतेरा.
ताठ उभा राहा रे. म्हणाला, ताठच हाय.
जूनच्या शर्टात दुमडून ठेवलेली माझी दोन बोटं
तशीच आत पडलेली,
कोरी, घडीसुद्धा न मोडलेली.

त्या रात्री जेवताना माझा समर्थ
वर्गातला खेळ सांगत होता.
एक जण आत आला की सगळ्यांनी शिंकायचं.
आधी मागचा बाक, मग सगळा वर्ग.
बाईपण हसल्या एकदा.
त्यानं शिंकून दाखवलं. छान शिंकतो.
त्याचा बाप हसला. बहुतेक मीही,
नाव ऐकायच्या आधी.

मग काय करतो तो?
काही नाही. स्वतःच्या शर्टाचा वास घेत बसतो.

समर्थचे शर्टही मीच शिवते.
कॉलर कडक. एक टाका उसवलेला नाही.
धुताना त्याच्या खिशात एकदा
दुसऱ्याच शर्टाचं बटण सापडलेलं.
मी ते डब्यात टाकलं होतं,
बटणं काय, कामाला येतात.
तेच बटण लावून दिलं असेल परशरामला,
वर दहा रुपये घेतले असतील.

सकाळी समर्थला स्टुलावर उभा केला.
तोच टेप. खांदा साडेचौदा.
वहीचं पान पुढं धरलं. मोठ्यानं वाच.
जून, चौदा. जानेवारी, साडेतेरा.
'चुकलंय, आई. माप असं कमी होत नाही.'
'होतं,' म्हटलं. 'शिंक आता.'

नाही शिंकला.

दोघं निघालो. वखारीच्या भिंतीकडेनं
तो चार पावलं मागं, खाली बघत.
माझ्या हातात शिवलेलं काही नव्हतं,
द्यायला काही नव्हतं.
लगमव्वाच्या दारात दोरीवर शर्ट ठिबकत होता.

कडी वाजवली.
आत मोरीत कुणीतरी
नळ बंद केला.