शेठ बाहेर गेलेत

पहिला फोन आला तेव्हा गाळ्यात आम्ही दोघीच होतो,
मी, आणि राजकोटहून आणलेली जुनी कॉइलिंग मशीन.
"शेठना द्या," पलीकडचा म्हणाला.
मी इकडेतिकडे पाहिलं.
"शेठ बाहेर गेलेत. ऑर्डर मला सांगा, लिहून घेते."
त्यानं सांगितली. पाच हजार नग, दीड मिलिमीटर तार.
तेवढ्या एका वाक्यानं
साकीनाक्याला, खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत,
माझ्या धंद्याला मालक मिळाला.

मग त्याला नीट वसवावं लागलं.
भंगारवाल्याकडून फिरती खुर्ची,
खुंटीवर शर्ट, आकाशी, बेचाळीस नंबर,
टेबलावर चष्म्याचं रिकामं घर.
नवऱ्यानं विचारलं, शर्ट कुणाचा?
म्हटलं, माझ्या शेठचा.
तो लगेच हसला नाही. मग हसला.
बँकेनं कर्ज त्याची सही घेऊन दिलं होतं,
आणि टेन्शन स्प्रिंग म्हटलं
की त्याला अजून वाटतं, मालन चिडलीय.

नऊ वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात मी नग मोजले.
शंभराची पुडी, वर रबर, पुडीमागे पैसे.
दुपारी कारागीर बिडी प्यायला जात
तेव्हा मशीनशी उभी राहून
तिचा आवाज पाठ केला,
कुठे तार वळते, कुठे तुटते.
कुणी शिकवलं नाही. कुणी हटकलंही नाही.
बाई झाडू मारत असेल.

खोटं कशाला बोलू, शेठचा फार आधार झाला.
मला नाही म्हणता येत नसे, त्याला येई.
शेठ उधारी देत नाहीत.
शेठना हा भाव परवडत नाही.
शेठ म्हणाले, आधीचं बिल मिटवा, मग टेम्पो भरू.
केवढा खडूस माणूस! बाजारात नाव झालं त्याचं.
दिवाळीला त्याच्यासाठी काजूकतली येई.
"शुगर आहे हो त्यांना," मी सांगायची,
आणि आफरीन, धोत्र्यांची सुनंदा आणि मी
डबा उभ्या उभ्या संपवायचो.

एकदा सगळा माल परत आला.
भट्टी कमी तापली होती,
स्प्रिंग दाबली की दबूनच राही.
लोक म्हणतात, बाई स्प्रिंगसारखी, दाबाल तेवढी उसळेल.
त्यांनी परत आलेला माल पाहिलेला नसतो.
चार गोण्या. भंगाराच्या भावात गेल्या.
त्या रात्री शेठच्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले.
एक चाक मोडकं, कलंडलेच जवळजवळ.
भिशीचे पैसे बुडाले होते,
आणि त्यातला एकही रुपया शेठचा नव्हता.

पाचव्या वर्षी पुण्याहून पर्चेसचे साहेब आले.
शेठना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणाले.
एक चहा झाला. दुसरा झाला.
वापीला गेलेत, रात्र होईल, मी सांगत होते
तेवढ्यात आतून आफरीन ओरडली,
"शेठ, तार संपली! नवीन बंडल फोडू?"
मी म्हणाले, "फोड. आधी गेज लाव."
बोलून गेले, मग कळलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शर्टाकडे पाहिलं.
खांद्यांवर पाच वर्षांची धूळ.
ते काही बोलले नाहीत.
टेबलावरचं ड्रॉइंग त्यांनी बोटानं फिरवलं,
अक्षरं माझ्याकडे सुलट होईपर्यंत,
आणि विचारलं, "एवढं बारीक माप जमेल?"

तो शर्ट आता मशीन पुसायला घेतलाय.
सुती आहे, तेल चांगलं ओढतो.
चष्म्याच्या घरात सुट्टे पैसे ठेवते.

शेठला मात्र अगदीच काढून टाकलेलं नाही.
परवा एकजण आला, गोड बोलत होता,
नव्वद दिवसांच्या उधारीवर माल मागत होता.
मी हात पुसले, खुर्चीकडे बघितलं
आणि म्हटलं,
अहो, कालच वापीला गेले.