भानस

डाव्या हाताची तर्जनी पुढे करून
तेर्तुलियानो रिबेलो, मालगाडीचे निवृत्त गार्ड,
मला लॅटिन महाकाव्याची चाल शिकवत होते.
एक पेर लांब, दोन आखूड. या पावलाला तिकडे बोटच म्हणतात.
फक्त त्यांची दोन्ही आखूड पेरं
बासष्ट साली शंटिंग करताना
दोन डब्यांच्या मधे राहून गेली होती.
"माझ्याकडे गुरू तेवढा उरलाय," ते म्हणाले,
"लघू तू तुझ्या बोटावर मोज."

मोजले.
हा तर आपला भगण! यमाताराजभानस…
भा, न, स.
आणि भानस म्हणजे चूल, आमच्या घरातली, पोतेरं फिरवलेली.
असल्या सहा चुली ओलांडत एक ओळ पुरी व्हायची,
शेवटची जरा आखूड,
सिग्नल दिसल्यावर गाडी दबते तशी.

भुसावळ, मे महिना.
वाळ्याच्या पडद्याला पाणी मारून
रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर आम्ही बसायचो.
यार्डात केळीचे वॅगन, घडांचा उग्र गोड वास,
आणि मांडीवर ते पुस्तक, कव्हर नसलेलं.
गोव्यात पाद्री व्हायला गेलेला पोरगा
तिसऱ्या वर्षी ते घेऊन पळाला होता.
मागून की चोरून, ते त्यांनी सांगितलं नाही.
कवीचं नाव वाळवीला ठाऊक.
कुठल्याशा डोंगरातला साधू असावा :
रोम बुडाल्यावर हजार वर्षांनी
रोमचेच जोडे घालून चालणारा,
आईनं ज्या भाषेत कधी अंगाई म्हटली नाही
त्या भाषेत आठ सर्ग लढणारा.

त्याच्या लढाईत तोफा होत्या.
जुन्या भाषेत तोफेला शब्द नव्हता,
म्हणून त्यानं लिहिलं : वीज चोरलेला काशाचा घसा.
मी हसले. मग गप्प झाले.
वीस वर्षं मी शाळेत
रेल्वेच्याच पोरांना
लोहपथगामिनी शिकवत होते.

जुने देवही त्यानं हाकलले नव्हते.
समुद्राचा देव होता, त्रिशूळ घेऊन,
पण आता वरच्या एकट्या देवाला विचारून वादळ करायचा,
खालच्या ग्रेडवर उतरवलेल्या साहेबासारखा.

आठव्या सर्गात पाण्यावरच्या एका गावाला वेढा पडतो.
तटावर एक बाई रात्रभर दळत बसलेली.
खाली आग. ती उठते, हात वर करते, आणि
आणि तिथे पान संपतं. पुढचं वाळवीच्या पोटात.
"मी पुरं करू?" मी विचारलं.
"नको. त्याचं पाऊल आहे. हवेतच राहू दे.
तू मराठीत आणायला तरी लाग."

पहिलीच ओळ आवाहनाची.
चार वह्या फाडून मी लिहिलं : हे काव्यदेवते.
त्यांनी चष्मा काढला.
"ही कोण बाई? हिला कुणी जेवू घालतं का?
तुम्ही घरी कुणाला बोलावता, श्रावणात,
नाकात नथ घालून, रोट करून?"

कानबाईला.
"मग तिलाच विचार.
आणि शाळेतल्यासारखं नको.
तुझी आई पारोळ्याहून येते ना,
ती तुला बोलते तसं."

आई आत भरताची वांगी भाजत होती.
मी लाजत, हळू आवाजात :

कानबाई माय, माले सांग,
पानीवरलं गाव कसं पेटनं,
आन पहिली ठिणगी कोनी लायी…

आत वांग्याचं देठ फिरवायचं थांबलं.
त्यांनी अर्ध्या बोटानं
ओट्याच्या फरशीवर ताल धरून पाहिला.
टक्.
पुढच्या दोन जागा मोकळ्या गेल्या.
पुन्हा टक्.
"बसत नाही वृत्तात," ते म्हणाले.

मग?

"मग काय? दुसरी ओळ सांग.
आधी ताक आण."