नुसतं बघायचे किती

तिथी नसलेला रविवार होता
म्हणून मंगल कार्यालय निम्म्या भाड्यात मिळालं.
लातुरात, औसा रोडला, ट्यूशनच्या फलकांना लागून,
जिथं दरसाल चेहरे नवे, टक्के तेच.
मालकानं विचारलं, हॅकर म्हंजे चोरच ना हो?
वैजनाथ म्हणाला, नाही मामा, उघडून बघणारे.
मालकानं डिपॉझिट दुप्पट घेतलं.

मी खजिनदार.
माझ्यापुढं स्टीलचा डबा, मनगटाला बांधायच्या पट्ट्या.
पिवळी: या, बसा, ऐका, फुकट.
हिरवी: कार्यशाळा. साडेसहाशे वेगळे.

हिशेब लपवत नाही मी.
सामान चारशे दहाचं. वर जनरेटरचं डिझेल, जारचं पाणी,
पुण्याहून येणाऱ्या निरंजन सरांचं रात्रीच्या गाडीचं तिकीट.
गेल्या साली सगळंच फुकट ठेवलं होतं.
साठ जणांनी नावं घातली, आले एकोणीस.
एक्केचाळीस किट आमच्या न्हाणीवरच्या माळ्यावर
ओल धरत, गंजत पडून राहिले.
आई त्यांना 'तुझं फुकट' म्हणायची.
तुझं फुकट तेवढं खाली काढ गं, पाहुणे यायलेत.

पैसे भरले की माणूस येतो.
हे लातुरात कुणी कुणाला शिकवायचं नसतं.

तरी आदल्या रात्री वैजनाथ भांडलाच.
बंद दार दिसलं की आपण विचारायचो, कामून बंद?
आता आपणच कडी लावायची?
मी म्हणाले, डिझेलवाला कामून विचारत नाही,
किती लिटर विचारतो.
तो हसला नाही. पट्ट्या मोजत बसला.

तर, वधूपक्षाच्या खोलीत सोल्डरिंग,
वरपक्षाच्या खोलीत कुलपं.
किल्लीशिवाय कुलूप उघडायचं कसं,
दोन तास, चौदा जण,
दाराला आतून कडी.

अकराच्या सुमाराला तो आला, उदगीरच्या एस्टीनं.
मोबीन. पिवळी पट्टी घट्ट बांधून घेतली,
मग वाकून हिरवीचा दर वाचला, दोनदा.
अब्बांची किल्ल्यांची टपरी आहे, म्हणाला,
अड्ड्याच्या मागं. घासूनच बनवतात, मशीन नाही.
मी मान हलवली. मागं रांग होती.
मग एकदम हळू,
ताई, नुसतं बघायचे किती?

माझ्याकडं त्याची पावती नव्हती.
असलीच तर कितीची छापायची
हेही कधी कमिटीत निघालं नव्हतं.
बघायचं काही नसतं, मी म्हणाले,
आणि मलाच कळेना
पैसे नसतात म्हणाले मी, की तशी सोय नसते.
त्यालाही कळलं नसावं.
तो गेला.

नंतर पाणी प्यायला उठले तेव्हा दिसला,
वरपक्षाच्या खिडकीबाहेर, चपला हातात,
कारण खाली तापलेल्या सिमेंटवर त्यानं
त्या वाजू दिल्या नव्हत्या.
आत निरंजन सर पारदर्शक कुलूप धरून सांगत होते,
आत पाच पिना असतात, एकेक ऐकायची.
हिरवी पट्टीवाला एक जण फोन बघत होता.
बाहेर याची बोटं हवेत चालली होती,
अंगठा दाबून, मधलं बोट किंचित उचलून,
सरांच्या अर्धा क्षण आधी.

मी खिडकी लावली नाही.
कडीही काढली नाही. हे पण लिहून ठेवते.

संध्याकाळी डबा उपडा केला.
चौदा हिरव्या, नऊ हजार शंभर.
भरले नऊ हजार एकशे वीस.
तीनदा मोजले.
दहाची दोन नाणी, इकडं दुकानात कुणी घेत नाही ती.
चहाचे असतील, वैजनाथ म्हणाला, 'इतर'मध्ये टाक.
असतीलही.
'इतर'च्या रकान्यावर पेन टेकवून मी बसून राहिले.

तेवढ्यात मालक आला, खोल्या तपासल्या,
खुर्च्या मोजल्या, दिवे मालवले,
आणि फाटकाला कुलूप लावून
आमच्यादेखत दोनदा ओढून बघितलं.