कायमचा पत्ता

रजेवर आले. साखर पेठेतल्या पोस्टात
आईच्या पेन्शनचा फॉर्म भरताना
'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी
पेन अडलं.
"लिवा की बाई, मागं लाइन लागलीय,"
काउंटरवरचे बोल्ली म्हणाले.

तिकडे तंबूत हे मीच विचारते,
दिवसाला साठ वेळा.
झरमीना सांगत होती:
विहिरीपासून तिसरं दार,
तुतीला शेळी बांधलेली आहे—
थांबली. होती, म्हणाली. दुरुस्त करा.
माझ्याकडे फक्त जिल्ह्यांची यादी,
आणि तिचा जिल्हा आता कुणाचा
ते अजून ठरायचंय.
मी समासात शेळी लिहिली.
वरच्या ऑफिसनं खोडली.

रात्री वीज गेली, माग थांबले.
खडखडाटात गाढ झोपणारी आमची गल्ली
शांततेनं दचकून उठली.
अंधारात आई:
"तू तिथं नेमकं करतेस काय गं?"
लोकांचं संरक्षण.
"मग बंदूक असंल."
नाही. वही.

ती हसली नाही.
शेळीचं सांगितलं तेव्हा
पदरानं वारा घालत राहिली बराच वेळ,
मग म्हणाली,
"तिचं नाव विचारलंस का?"
झरमीना.
"शेळीचं गं."